लेकराची आई आणि एमबीबीएसची सीट

जून लागला की लातूरच्या औसा रोडला, अंबाजोगाई रोडला, ट्यूशन एरियाच्या गल्ल्यांत टेम्पो येऊन उभे राहतात. गादी, गॅस, कुकर, पुस्तकांचं खोकं. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, धाराशिवकडची आई पोराच्या नीटसाठी दोन वर्षं रूम करून राहायला आलेली असते. शेत, सासू-सासरे, धाकटं लेकरू गावी. पहाटे डबा, रात्री उशिरा गरम दूध, मधे टेस्टचे मार्क. लातूर पॅटर्न राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांच्या वर्गांत घडला हे खरंच, पण तो या आयांच्या ओट्यावरही उभा आहे.

यांतल्या कितीतरी जणी पस्तिशीच्या आत-बाहेर आहेत. लग्न लवकर झालं, बारावी सायन्सचे मार्क चांगले असूनही पुढचं राहून गेलं. पोराचं पुस्तक चाळता चाळता एखादीच्या मनात येतं, आपण दिली तर? हाच प्रश्न दोन वर्षांचं बाळ कडेवर असलेल्या नर्सला पडतो, बीएससी करून घरी बसलेल्या सुनेला पडतो. तो बोलून दाखवला की चारी बाजूंनी उत्तरं येतात आणि त्यांतली बरीचशी ऐकीव असतात. वय झालं आणि लेकरू आहे, या दोन गोष्टी अडचण म्हणून पहिल्यांदा सांगितल्या जातात. माझ्या मते खरी अडचण या दोन्हींत नाही. ती कागदांत आहे, दिवसाच्या तासांत आहे आणि त्या तासांत लेकरू कोण सांभाळणार यात आहे.

‘पंचविशीनंतर एमबीबीएसला घेतच नाहीत’

ही समजूत कुणी मनाने रचलेली नाही. २०१७ मध्ये सीबीएसईने नीटसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची कमाल मर्यादा लावली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मुलं न्यायालयाच्या अंतरिम आदेशांवर परीक्षा देत राहिली. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अटच काढून टाकली आणि मार्च २०२२ मध्ये तसं पत्र निघालं. आता अट फक्त खालची आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. नीट किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही.

उशिरा सुरुवातीचं उदाहरण म्हणून ओडिशाच्या जयकिशोर प्रधान यांचं नाव हमखास निघतं. स्टेट बँकेतून निवृत्त होऊन त्यांनी २०२० मध्ये, ६४व्या वर्षी, बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. कौतुक आहेच, पण ते उदाहरण लेकुरवाळ्या बाईच्या उपयोगाचं नाही. निवृत्त माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा असतो. आपल्याकडे बघायचं तर रखमाबाईंकडे बघावं. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या खटल्यात तारुण्याची वर्षं गेली. १८८९ मध्ये लंडनला निघाल्या तेव्हा त्या पंचविशीत आल्या होत्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा तिशीच्या उंबऱ्यावर, आणि त्यानंतर सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी काही दशकं काम केलं.

‘बारावीला जीवशास्त्र नव्हतं, म्हणजे दार बंद’

बंद नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय बारावीच्या पातळीवर उत्तीर्ण हवेत. पण जीवशास्त्र नंतर जादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल, असं आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयातून केलेली बारावीही चालते.

‘लग्नानंतर नाव बदललं, आता कागद जुळायचे नाहीत’

या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण उशिरा सुरुवात करणाऱ्या बाईची गाडी नीटच्या मार्कांआधी सेतू केंद्रावर अडते.

दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीचा दाखला वडिलांच्या नावाच्या आधारे काढलेला. यातून मार्ग आहे: विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दोन नावांना जोडणारा पूल असतो आणि नाव रीतसर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. ते आधी काढून ठेवायचं. निकालानंतर कॅप राउंडच्या धावपळीत ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदच झालेली नाही असं कळलं, तर पळापळीला वेळ उरत नाही.

जातीचा दाखला माहेरचाच चालतो. लग्नाने जात बदलत नाही. जात वैधता प्रमाणपत्रही त्याच आधारावर. नॉन-क्रीमी लेयरच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक होते. बाई सासरी राहते म्हणून नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला जोडला जातो, आणि नवरा नोकरीत असला की ‘तुम्ही क्रीमी लेयर’ असं ऐकून ती परत फिरते. क्रीमी लेयर ठरतो तो उमेदवाराच्या आई-वडिलांच्या स्थितीवर, नवऱ्याच्या नव्हे. ईडब्ल्यूएसला मात्र उलट आहे. तिथे कुटुंबात आई-वडील आणि १८ वर्षांखालची भावंडं येतात, तसाच जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलंही येतात. म्हणजे एकाच गावातल्या दोघी जावांपैकी ओबीसी जावेला नवऱ्याचा पगार आडवा येत नाही, ईडब्ल्यूएसवालीला येतो. हे दोन नियम एकमेकांत मिसळून सांगणारे सल्लागार भरपूर भेटतात.

तिसरी गोष्ट आपल्या सीमेवरची. उदगीर, निलंगा, देगलूर, बिलोली या बाजूला बिदर, निजामाबाद, आदिलाबादकडून सुना येतात. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती सगळ्यांना लागू होत नाही. कर्नाटकातून बारावी केलेल्या बाईने हे लातूरला रूम करण्याआधी तपासावं, फी भरल्यावर नव्हे.

‘लेकरू लहान असलं की अभ्यास होत नाही’

वेळ मिळतो, पण तुकड्यांत मिळतो, आणि सगळे विषय तुकड्यांत होत नाहीत. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यांतले ९० प्रश्न, म्हणजे बरोबर निम्मे गुण, जीवशास्त्राचे. एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न ओळ वाचायचं असतं. दूध पाजताना एक पान, वरण शिजेपर्यंत एक आकृती, बाळ झोपलं की पंचवीस प्रश्न, असं ते होऊ शकतं. भौतिकशास्त्राचं गणित असं होत नाही. अर्धं सोडवलेलं सोडून उठलं की परत पहिल्या ओळीपासून. सेंद्रिय रसायनाचंही तेच. त्यासाठी रोज सलग दोन तास बाळ दुसऱ्याच्या कडेवर लागतं. ‘जमेल तसं सांभाळू’ या आश्वासनाचा काही उपयोग नाही. चार ते सहा, रोज, आणि सांभाळणाऱ्याचं नाव ठरलेलं. घरात सासू असो, नणंद असो की नवरा. घरात कुणी नसेल तर पैसे देऊन माणूस ठेवायचा आणि तो खर्च क्लासच्या फीइतकाच शिक्षणाचा खर्च म्हणून धरायचा.

लातूरच्या क्लासेसची वेळापत्रकं सतरा वर्षांच्या, मेसचा डबा खाऊन दिवसभर बसणाऱ्या मुलासाठी आखलेली आहेत. या शहराने पोरांच्या सोयीसाठी गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या केल्या: मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, मुलींची होस्टेल. अभ्यासिकेशेजारी एक पाळणाघर उभं करणं या शहराला अवघड नाही, आणि ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेच्या दिवसाचाही हिशेब असतो. पेपर दुपारी २ ते ५, गेट दीड वाजता बंद, तपासणीसाठी त्याच्या बरंच आधी आत जावं लागतं. म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळापासून चार-पाच तास लांब, आणि तेही मे महिन्यात. आत जाण्याआधी शेवटचं पाजून घ्यायचं, बाळ केंद्राच्या जवळच सावलीत कुणाच्या तरी घरी ठेवायचं, आणि हे सगळं महिनाभर आधीपासून टेस्टच्या दिवशी करून बघायचं. छाती भरून आलेली असताना भौतिकशास्त्राचा पेपर सोडवणं म्हणजे काय, हे पोरांच्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही.

‘ड्यूटी लागली की अंगावरचं तोडावं लागतं’

तोडावं लागत नाही. दूध पिळून ठेवता येतं. हात साबणाने धुऊन, हातानेच किंवा पंपाने, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत काढायचं आणि झाकणाच्या स्वच्छ भांड्यात भरायचं. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते सुमारे चार तास राहतं. मे महिन्यात लातूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा हे चार तास धरून चालू नये. सरळ फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही तर आतल्या बाजूला, आणि शक्यतो २४ तासांत वापरून टाकायचं. लाइट गेली तर बर्फाच्या पिशव्यांचा डबा जवळ हवा. गॅसवर उकळायचं नाही. भांडं कोमट पाण्यात ठेवायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं.

ड्यूटीच्या जागी दर तीन-चार तासांनी दूध काढलं नाही तर गाठी होतात, ताप येतो आणि हळूहळू दूधही आटतं. त्यासाठी वॉर्डाच्या बाजूला दाराला कडी असलेली खोली आणि पंधरा मिनिटं लागतात. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईच्या दुधाचं मोल आपल्या राज्यातल्या महापालिकेच्या दवाखान्याने इतक्या आधी ओळखलं. दवाखान्यात काम करणाऱ्या आईला दूध काढायची सोय मागायला संकोच कशाला?

‘आधी डॉक्टर होऊ दे, मूल काय नंतरही होतं’

आणि याच्याच शेजारी बसलेली दुसरी समजूत: ‘तिशीनंतर बाळंतपण म्हणजे जिवावरचा खेळ.’ दोन्ही चुकीच्या. स्त्रीची बीजं जन्मतःच ठरलेली असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख, वयात येताना ३ ते ४ लाख. गर्भधारणेची शक्यता बत्तिशीपासून हळूहळू कमी होते आणि सदतिशीनंतर वेगाने घसरते. डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पंचविशीत साधारण १२५० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. म्हणजे पस्तिशीतल्याही बहुसंख्य बाळंतपणांत बाळ धडधाकट असतं, पण साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि तीन वर्षांचं पीजी उरकून मग बघू म्हणणारी बाई आपल्या शरीराकडून उधार घेत असते. अठ्ठाविसाव्या वर्षी एमबीबीएसला गेलेल्या बाईला दुसरं मूल हवं असेल तर ते शिक्षणाच्या मधेच होणार, असं धरूनच ठरवावं.

गरोदरपणात शरीरशास्त्राच्या हॉलमधला फॉर्मॅलिनचा वास आणि क्ष-किरण विभागातली ड्यूटी याबद्दल विभागप्रमुखांना लवकर सांगायला हवं. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या गरोदर स्त्रीच्या गर्भाला उरलेल्या महिन्यांत १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. लपवून ठेवलेल्या गरोदरपणाला हा नियम वाचवू शकत नाही.

‘बाळंतपणाची रजा घेतली की सीट जाते’

जात नाही, मुदत पुढे सरकते. इंटर्नशिपच्या २०२१ च्या नियमांत बाराही महिन्यांत मिळून साधी रजा १५ दिवसांची आहे, पण प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे वेगळी मिळते. पीजीच्या २०२३ च्या नियमांतही प्रसूती रजेची सोय आहे. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस गेले तर तेवढे दिवस शेवटी भरून द्यायचे. नोकरीत २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला जाण्याची मुभा, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर.

कसोटी लागते ती एमबीबीएसच्या शिकण्याच्या वर्षांत. तिथे थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते आणि बाळंतपण हजेरीपटावर गैरहजेरी म्हणूनच दिसतं. दिलासा एवढाच, की प्रवेशापासून ९ वर्षांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करायला मुभा आहे. एक परीक्षा मागे राहिली म्हणून शिक्षण संपत नाही, बॅच बदलते. पहिल्या वर्षाला मात्र चारच प्रयत्न आहेत. म्हणून पहिलं वर्ष आणि बाळंतपण एकत्र येऊ नये, एवढं जमवता आलं तर जमवावं.

‘लेकराच्या आईला रेसिडेन्सी झेपत नाही’

याला मी गैरसमज म्हणणार नाही. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावं, एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच ठरवलं होतं. कुठल्याही सरकारी कॉलेजातल्या रेसिडेंटला विचारा, ३६ तासांची सलग ड्यूटी तिच्या बोलण्यात सहज येते. ते कुणालाच झेपण्यासारखं नाही, आणि रात्री ताप आलेलं लेकरू घरी असलं तर त्याहून नाही. पण याचा अर्थ आईने पीजी करू नये असा काढणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. कोलकात्याच्या डॉक्टर कादंबिनी गांगुली १८९३ मध्ये लहान मुलं घरी ठेवून पुढच्या पदव्यांसाठी परदेशी गेल्या आणि पदव्या घेऊन परत आल्या. मुलं सांभाळणारी माणसं मागे होती म्हणून ते जमलं. सगळ्यांच्या मागे ती नसतात. शाखा निवडताना हे बघण्यात कमीपणा नाही: पॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, त्वचारोग, नेत्ररोग यांत रात्री कमी, स्त्रीरोग आणि शस्त्रक्रियेत जास्त.

घराजवळची सीट मिळेल हे मात्र धरून चालू नये. प्रादेशिक ७०:३० कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. मराठवाड्याच्या मुलांना तेव्हा तो रद्द होणं हा मोठा न्याय होता, कारण इथे कॉलेजं कमी होती. आता प्रवेश राज्यभर होतो, म्हणजे लातूरच्या आईला गोंदियाही लागू शकतं. उलट बाजूने, जवळची कॉलेजं वाढली आहेत. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) १९५६ मध्ये सुरू झालं, मग अंबाजोगाई, नांदेड, २००२ मध्ये लातूर, आणि आता धाराशिव २०२२, परभणी २०२३. अंबाजोगाई लातूरपासून एसटीने तासा-दीड तासावर आहे. पसंतीक्रम भरताना पहिल्या ओळींत ‘नाव’ नव्हे, आजी-आजोबांचं गाव किती लांब आहे ते बघावं.

‘दवाखान्यात काम करायचं तर एमबीबीएसच’

नीटला सलग तास मिळणारच नसतील तर दुसरे रस्ते कमी दर्जाचे नाहीत. जीएनएम नर्सिंगला ३५ वर्षांपर्यंत प्रवेश आहे. आशा म्हणून निवड होते ती २५ ते ४५ वयोगटातल्या, गावात राहणाऱ्या विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता बाईचीच. मराठवाड्यातल्या आरोग्यव्यवस्थेचं बरंच काम या लेकुरवाळ्या बायांच्या पायांवर चालतं. बीएएमएस आणि बीएचएमएसलाही आता नीट लागते, म्हणून तयारी वाया जात नाही.

‘चाळिशीत डॉक्टर होऊन करणार काय?’

हिशेब मांडू. बत्तिसाव्या वर्षी प्रवेश, तेव्हा लेकरू दोन वर्षांचं. साडेपाच वर्षांनी इंटर्नशिप संपली तेव्हा वय साडेसदतीस, लेकरू दुसरीत-तिसरीत. सरकारी कॉलेजातून शिकलं तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. साडेअडतीस. स्वतःचा दवाखाना काढायला वयाची अट नाही, आणि औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा, मुखेडच्या बाजारपेठेत बाई डॉक्टर शोधत येणाऱ्या बायकांची संख्या कमी नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं काम समोर असतं.

सरकारी नोकरीत मात्र खरोखर गाठ बसते. राज्याच्या सरळसेवेची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. वरच्या हिशेबातली खुल्या प्रवर्गातली बाई बंधपत्र पूर्ण करून अर्जाला उभी राहील तेव्हा तिची अडतिशी उलटलेली असेल. म्हणून वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी हातात आली, की बंधपत्र संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यापासून जाहिराती बघायला लागायचं, आणि प्रत्येक जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजलं जाणार आहे ते आधी वाचायचं.